खिंडीखालून आलेली आरोळी

फार फार वर्षांमागं, जेव्हा दर दसऱ्याला लढाया निघायच्या आणि कशासाठी निघाल्या हे होळीपर्यंत कुणाच्या ध्यानात राहायचं नाही, तेव्हा करंजघळ गावात सुभाना नावाचा आरोळी देणारा होता. तो सगळ्यांच्या पुढं राहून ‘भैरोबाच्या नावानं चांगभलं’ अशी हाक द्यायचा आणि गावची पोरं ‘चांगभलं’ म्हणत त्याच्यामागं धावायची. धुरळ्यात, धुक्यात काही दिसो न दिसो, सुभानाचा आवाज जिकडून येईल तिकडं जायचं, एवढंच त्यांना ठाऊक. त्याच्या आवाजानं देवळातली घंटा आपोआप वाजायची, असं म्हणतात.

पण सुभाना आता थकला होता. लढाई जिंकून यायचा, तरी येताना माणसं कमीच असायची. एका मोहिमेच्या सकाळी तान्हूबाईनं त्याला वेशीत अडवलं. तिचा नवरा आणि थोरला लेक त्याच्याच आरोळीमागं गेले होते. आता धाकटा गेनू निघाला होता. ती रडली नाही. “दर खेपेला चांगभलं म्हंता भावजी,” ती म्हणाली, “भलं कुणाचं झालं, तेवढं सांगून जावा.”

सुभानानं एकदा गेनूकडं पाहिलं आणि तो चालू लागला.

सरदारानं खिंड चढायचा हुकूम दिला. वर शत्रूच्या तोफा होत्या. आदल्या दिवशी चढलेल्या तुकडीतलं कुणी परतलं नव्हतं, आणि हे सरदारालाही माहीत होतं. पहाटे धुकं इतकं दाट उतरलं की शेजारचा माणूस दिसेना. सुभानानं पुढं जायचं होतं. तो मुकाट्यानं मागं उतरला, गावाकडच्या ओढ्यापाशी उभा राहिला आणि तिथून त्यानं आरोळी दिली. डोंगर हलले, ओढा घटकाभर वाहायचा थांबला, असं म्हणतात. पोरं सवयीनं आवाजाकडं धावत सुटली, ती थेट घराच्या वाटेला लागली. त्यांच्यात गेनूही होता. सुभाना मात्र तिथंच थांबला. कुणीतरी जाब द्यायला हवा होता.

पळायला कुणी सांगितलं, असं सरदारानं विचारलं.

“पळा न्हाई म्हनलो, सरकार. चांगभलं म्हनलो.”

पुढं त्याचं काय झालं ते कुणी सांगत नाही. तो परत आला नाही, एवढं खरं.

करंजघळात आजही कुणी फौजेत निघालं, तर त्याला न बोलता वेशीपर्यंत पोचवतात. आरोळी देतात ती माणूस परतल्यावर. सगळं गाव वेशीत जमतं, चांगभलं होतं, आणि मग खिंडीकडं तोंड करून एक जास्तीची आरोळी देतात. ती सुभानासाठी. तो अजून यायचा आहे.