स्वच्छ पाण्यातला कोळसा

एकदा एक माणूस पाणी शुद्ध करता करता थकून गेला. रघुवीर त्याचं नाव. समुद्रकाठच्या एका गावातलं मत्स्यालय तो सांभाळत असे. तिथल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत एक म्हातारा हेकरू मासा होता, रघुवीरच्या हातून खाणारा. रोगाची साथ आली आणि टाकीतले बाकीचे मासे एकामागून एक गेले, तेव्हा या एकाला वाचवायला त्याने जिवाचं रान केलं. पाण्यातले जंतू मारायला अतिनील दिवा बसवला, ओझोनचं यंत्र आणलं. पाणी नितळ झालं, आणि हेकरू वर येऊन धापा टाकू लागला. आता काय करावं हे रघुवीरला सुचेना.

त्यातच सकाळी घरी ठिणगी पडली होती. मुलगी नमिता लागलेली नोकरी सोडून आली. हा आधीच वैतागलेला. "आजवर एक तरी गोष्ट धड शेवटाला नेलीस का?" असं बोलून गेला. बोलणं खरं होतं, आणि खरं बोलायला कसली भीड, असा त्याचा खाक्या. नमिता भरल्या ताटावरून उठली. रघुवीरही तसाच कामावर आला.

शेवटी त्याने आपल्या गुरूंना बोलावणं धाडलं. ज्यांच्या हाताखाली तो हे काम शिकला, ते अण्णा. ते काठी टेकत आले, टाकीवर वाकले, पाण्याचा वास घेतला आणि ओझोनचं यंत्र बंद केलं.

"कोळसा कुठे आहे रे?"

"काढून टाकला, अण्णा. ओझोनने पाणी स्वच्छ होतं, मग वर ती काळी भुकटी कशाला?"

अण्णांनी कोळशाची गोणी मागवली. स्वतःच्या हातांनी कोळसा धुतला आणि यंत्रातून टाकीकडे परतणाऱ्या पाण्याच्या वाटेवर जो डबा होता, त्यात तो भरू लागले.

रघुवीरला राहवेना. "स्वच्छ पाण्यात कोळसा घालताय, अण्णा. मासा आधीच मरायला टेकलाय."

"गोणी नीट धर," एवढंच अण्णा म्हणाले.

पाणी कोळशातून फिरत राहिलं. दुपार कलली तसा हेकरूचा श्वास संथ झाला आणि तो हळूहळू तळाशी जाऊन बसला. तेव्हा अण्णांनी यंत्र पुन्हा सुरू केलं, अगदी मंद. रघुवीर काचेकडे धावला. पण मासा जागचा हलला नाही.

स्टुलावर बसत अण्णा म्हणाले, "दिव्याचा उजेड नळीतच राहतो, टाकीत येत नाही. ओझोनचं तसं नाही, तो पाण्याबरोबर पुढे येतो. जंतू कुठला आणि माशाचा कल्ला कुठला, हे त्याला कळत नाही. समोर येईल ते जाळतो. त्याच्यावाचून चालायचं नाही, साथ आहे. पण त्याचं काम झालं की त्याची धग वाटेतच कोळशात उतरवायची. माशापर्यंत नुसतं पाणी गेलं पाहिजे. तुझं पाणी स्वच्छच होतं, बाबा. फक्त तू ओझोनची धग तशीच पुढे जाऊ दिलीस. दमलेल्या माणसाच्या हातून हीच पायरी सुटते."

रघुवीर काचेसमोर उभा होता. त्याला सकाळचं ताट आठवत होतं. फार वाईट वाटलं त्याला.

संध्याकाळी तो घरी गेला. नमिताला सांगायचं अजून पुष्कळ उरलं होतं, आणि ते सगळं खरंच होतं. दार तिनेच उघडलं. तिचे डोळे सुजले होते.

"हात कसले काळे झालेत, बाबा?"

"कोळसा," तो म्हणाला. ओठांवर आलेलं वाक्य त्याने आतच ठेवलं. मोरीत जाऊन सावकाश हात धुतले. नखांतली काळी रेघ काही गेली नाही. मग त्याने दोन ताटं वाढली आणि एक तिच्यापुढे सरकवलं.

"सकाळपासून तू जेवली नसशील. मीही नाही. आधी खाऊन घेऊ. मग मला सांग, तिथे नोकरीत काय झालं ते."

नमिता ताट ओढून त्याच्यासमोर बसली आणि पहिला घास घेण्याआधीच सांगू लागली.