चिंचेचा चौथा कप्पा

संगणकाची पेटी टेबलाखाली घरघरायची, त्या काळी एका छोट्याशा संगणक-भाषेत आंबा, फणस आणि काजू एका रांगेत राहत. पहिला कप्पा आंब्याचा, दुसरा फणसाचा, तिसरा काजूचा. शेजारच्या रांगेत चिंच पहिली आणि बोर दुसरं.

एकदा हुकूम आला, "दोन्ही रांगा एक करा." हे काम जोडणीमावशींचं. त्यांचा हात आकड्यांऐवजी नावं असलेल्या कप्प्यांवर बसलेला. तिथे 'रंग' नावाच्या कप्प्यात नवा रंग आला की जुना बाहेर, हाच रिवाज. त्याच सवयीनं त्यांनी चिंचेला पहिल्या कप्प्यात बसवलं आणि आंबा धपकन बाहेर पडला.

ज्याला कप्पा नाही, त्याला केरसुणी झाडून नेई. गेलेलं परत येत नसे. तिची सळसळ ऐकून आंबा कप्प्याची कड धरून लोंबकळू लागला.

"अहो मावशी, थांबा!" चिंच ओरडली. "मी पहिली, ती माझ्या घरी. इथं आंबेदादांची रांग आधीपासून आहे. ती संपते तिथून आमची सुरू."

मावशींनी जीभ चावली. "खरंच गं बाई! नावांचं वेगळं, रांगेचं वेगळं."

त्यांनी आंब्याला त्याच्या जागी ठेवलं, चिंचेला काजूमागे चौथ्या कप्प्यात आणि बोराला पाचव्यात. केरसुणी कुरकुरत निघून गेली.

"पोरी, तुझ्यामुळे वाचलो गं," आंबा कसाबसा म्हणाला.

"असू दे, दादा. आंबट म्हणून तोंड वाकडं करू नका, म्हणजे झालं!"

रांगेत पहिला म्हणून हजेरी आंबाच घ्यायचा; तेव्हापासून चिंचेचं नाव आलं, की तो क्षणभर थांबून, तोंड वाकडं न करता, तिच्याकडे बघून हसायचा.