‘ताई, स्टँड!’

एकदा एक तरुण एका वृद्ध गुरुजींकडे मोटारसायकल सुरक्षित चालवायला शिकवण्याची विद्या घेत होता. आईवडील गेलेले, भाड्याच्या खोलीत तो एकटाच राही. प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र मिळाले की शिकायला माणसे येतील, कुणीतरी आपल्याला ‘सर’ म्हणेल, सणावाराला आठवण काढेल, एवढीच त्याची आशा होती. आशा काही वाईट नव्हती.

परीक्षेच्या दिवशी त्याने अरुंद पट्ट्यावरून गाडी सरळ नेली, वेगात येऊन नेमकी रेषेवर थांबवली. आता फक्त गुरुजींची सही उरली. गुरुजी मात्र उठले, आपल्या जुन्या मोटारसायकलवर बसले आणि मैदानाला फेरी मारायला निघाले. साइड स्टँड खालीच! शिष्याने ते पाहिले. असा स्टँड डाव्या वळणावर जमिनीला टेकतो आणि गाडी आडवी होते, हे त्याला पाठ होते. पण गुरूंची चूक शिष्याने कशी दाखवायची? तो अदबीने गप्प राहिला. धन्य ती अदब!

वळणाच्या अलीकडेच गुरुजी थांबले, पायाने स्टँड वर केला आणि परत आले.

“आज सही नाही,” ते म्हणाले. “अरे, रस्त्यावरचा अनोळखी माणूससुद्धा ‘काका, स्टँड!’ म्हणून ओरडतो, आणि तू बघत राहिलास? हाक मारायची, एवढंच आपलं काम. ऐकणारा पुढे निघून जातो. तो सुखरूप पोचला, हे सांगायला कुणी परत येत नाही. माणसं आपली व्हावीत म्हणून शिकवशील, तर त्यांना दुखवायला भिशील आणि असाच गप्प बसशील.”

शिष्य खिन्न होऊन निघाला. चौकात सिग्नल सुटला आणि शेजारी थांबलेली एक बाई स्कूटर डावीकडे वळवू लागली. तिचा स्टँड खाली होता.

“ताई, स्टँड!” तो जिवाच्या आकांताने ओरडला.

तिने टाचेने स्टँड वर घेतला आणि ती गर्दीत दिसेनाशी झाली. शिष्य खोलीवर आला. एक जीव वाचला होता, पण ते सांगावे असे तिथे कुणी नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्याने ते गुरुजींना सांगितले.

“तिनं वळून पाहिलं?”

“नाही, गुरुजी.”

“वाईट वाटलं?”

“वाटलं.”

“मलाही अजून वाटतं,” गुरुजी म्हणाले आणि त्यांनी प्रमाणपत्रावर सही केली.