घासलेला सांधा

“मग खोटं कोण बोलतंय, उस्ताद? सेन्सर की इंजिन?”

बाबालाल नदाफ पितळी ब्रशने स्पार्क प्लगवरची काजळी काढीत होते. प्लग विचारणाऱ्या धन्यकुमारच्याच गाडीचा होता. चुलीतून उचलून आणल्यासारखा काळा.

जयसिंगपुरास, सांगली रस्त्याच्या कडेला, बाबालाल मिस्त्रींचे गॅरेज होते. धन्यकुमार शिरगुप्पे तेथे सहा वर्षे शिकला. पुढे कोल्हापुरास जाऊन त्याने ऑटोमोबाइलचा डिप्लोमा घेतला. येत्या पाडव्याला त्याचे स्वतःचे गॅरेज उघडावयाचे होते. बोर्ड रंगवून तयार होता. केवळ शेवटची ओळ रिकामी होती.

बाबालालांच्या हाताखालून गेलेल्या मिस्त्रींमध्ये एक रीत होती. बोर्डावर आपल्या नावाखाली उस्तादाचे नाव लिहावयाचे. परंतु उस्तादाने स्वतःच्या तोंडाने ‘लिही’ म्हटल्यावाचून नाही. आजवर चौघांनाच तो शब्द मिळाला होता.

धन्यकुमार तो शब्द मागावयास आला होता.

आपली विद्या दाखवावी म्हणून त्याने स्वतःची लाल गाडी आणली होती. मूळचा सायलेन्सर काढून त्याने इंजिनापासून मागच्या टोकापर्यंत स्टीलचा नवा पाइप स्वहस्ते जोडला होता. आवाज भारदस्त होता. मात्र डॅशबोर्डवर इंजिनाचे चित्र असलेला पिवळा दिवा पेटला होता, आणि तो काही केल्या विझत नव्हता.

“सेन्सरचं काम काय?” बाबालालांनी अखेर विचारले.

धन्यकुमार हसला. “हे तुम्ही मला विचारता?”

“मी चौथी नापास. तू डिप्लोमावाला. सांग की.”

“धुरात ऑक्सिजन किती उरला ते हुंगायचं आणि कॉम्प्युटरला कळवायचं. ऑक्सिजन जास्त उरला म्हणजे पेट्रोल कमी पडलं. मग कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो.”

“आणि तुझा काय कळवतो?”

“पेट्रोल कमी, पेट्रोल कमी. दिवसभर तेच रडगाणं! इकडे प्लग काळे पडलेत, ॲव्हरेज अठरावरून अकरावर आलं. इंजिन पेट्रोलमध्ये बुडालंय, आणि हा म्हणतो तहान लागली.”

“बदललास?”

“तीनदा. शेवटचा तर सीलबंद, अस्सल.”

“तिघं काय म्हणाले?”

“...तेच.”

“तीन साक्षीदारांनी एकच साक्ष दिली. तू तिघांनाही हाकललंस.”

धन्यकुमार वरमला नाही. त्याने खिशातून काडेपेटीएवढी काळी डबी काढली.

“म्हणूनच हे मागवलं, उस्ताद. सेन्सरच्या जागी हे सर्किट जोडायचं. याची तक्रारच नाही. सगळं ठीक आहे, एवढंच सांगतं.”

“कुणाला?”

“कॉम्प्युटरला.”

“आणि कॉम्प्युटर कुणाला सांगतो?”

“मला...”

धन्यकुमारने हातातल्या डबीकडे पाहिले.

बाबालालांनी डबी घेतली, कानाशी नेली, काही ऐकू येते का ते पाहिले आणि परत दिली.

“गुणी आहे. जावई करून घे.”

मग ते उठले आणि गाडीचे बॉनेट उघडून त्यांनी साफ केलेला प्लग जागेवर बसविला. पाइप आरशासारखा लखलखत होता. सेन्सर त्याच्या वरच्या भागात बसवलेला होता.

“सेन्सरच्या वर तुझा सांधा असेल. कुठाय?”

“शोधा!” धन्यकुमारची छाती फुगली. “वेल्डिंगचा वळ मी ग्राइंडरने घासून सपाट केला. वर पॉलिश. कोल्हापूरचे मिस्त्री फोटो काढून घेऊन गेले. इथं सांधा आहे हे लोकांना सांगावं लागतं, उस्ताद.”

बाबालालांनी चष्मा पुसला. वाकून बराच वेळ पाहिले.

“सुरेख,” ते म्हणाले. त्यात थट्टा नव्हती. “चालू कर गाडी.”

दाराच्या कडीत सकाळची उदबत्ती अडकवलेली होती. तिचा थोडा भाग उरला होता. ती पुन्हा पेटवून ते परतले. रेडिएटरचा पंखा अद्याप सुरू झाला नव्हता, आणि वाराही पडलेला होता. उदबत्ती त्यांनी इंजिनाच्या तोंडाशी धरली व पाइपाच्या कडेने सावकाश खाली आणली.

धूर सरळ वर जात होता.

सेन्सरच्या दोन बोटे वर त्यांचा हात थांबला. तेथे धुराची रेघ वाकली. ती हिसके देऊ लागली, आणि प्रत्येक हिसक्यासरशी थोडी थोडी आत जाऊ लागली. जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तेथे.

धन्यकुमार पुढे वाकला.

“पाइपातून धूर बाहेर यायचा, उस्ताद. आत कसा जातोय?”

आता आवाज त्या शिकाऊ दिवसांतल्या विद्यार्थ्याचा होता.

“इंजिन ठोके देतं. दोन ठोक्यांच्या मधे काय करतं?”

“...ओढतं.” धुराच्या रेघेकडे बोट दाखवून तो म्हणाला, “बाहेरची हवा ओढतं.”

बाबालालांनी मान हलविली.

सांधा घासता घासता धातू कागदासारखा पातळ झाला होता, आणि त्यात केसाएवढी फट पडली होती. तिच्यातून रस्त्यावरची हवा आत येई. लगेच खाली बसलेला सेन्सर ती हुंगे, आणि जे हुंगले ते प्रामाणिकपणे कळवी. तिन्ही सेन्सरांनी तेच केले होते.

धन्यकुमारने गाडी बंद केली. पाइप थंड होईपर्यंत दोघेही बाकावर बसून राहिले. चहा आला, संपला.

मग धन्यकुमारने पाइप उतरविला आणि त्याच जागी नव्याने वेल्डिंग केले. वळ जाड आला, किंचित वाकडा, कडेने निळसर. सवयीने त्याचा हात ग्राइंडरकडे गेला...

बाबालाल रस्त्याकडे पाहत होते.

धन्यकुमारने ग्राइंडर परत खाली ठेवला.

पाइप चढवून त्याने स्कॅनर जोडला, जुनी नोंद पुसली, आणि रेल्वे फाटकापर्यंत दोन फेऱ्या मारून आला. दिवा लागला नाही. बाबालालांनी उरलेले उदबत्तीचे थोटूक पेटवून चालू गाडीच्या सांध्याजवळ धरले. धूर सरळ वर गेला.

धन्यकुमारने काळी डबी बाकावर ठेवली. “ही इथंच राहू दे, उस्ताद.”

“घेऊन जा, बाबा. ‘सगळं ठीक आहे’ म्हणणारी माणसं इथं रोजच येऊन बसतात.”

धन्यकुमारने डबी खिशात घातली. तो निघेना. किल्ली या हातातून त्या हातात करीत उभा राहिला.

“बोर्डाचं विचारायला आलो होतो...” तो खाली पाहून म्हणाला. “आता विचारत नाही.”

बाबालालांनी स्क्रूड्रायव्हर उचलला. त्याच्या टोकाने तो खडबडीत वळ एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत हळूच चाचपला. पुन्हा एकदा चाचपला.

“लिही.”

धन्यकुमार त्यांच्या पाया पडला. गाडीत बसताना त्याला राहवले नाही. खिडकीतून मान बाहेर काढून तो म्हणाला, “आजच पेंटरकडे जातो. सगळ्यांत खाली, सोनेरी अक्षरांत! वरून दोन हात पॉलिश मारून घेतो. कुठं ब्रशचा माग म्हणून दिसायचा नाही, उस्ताद!”

बाबालालांनी बॉनेट हलकेच लावले. हात पुसले.

“मी लिही म्हटलं, धन्या... घासायला नाही सांगितलं.”