फरशीतले तीन चेहरे

फार पूर्वी, रोमच्या राज्यात, राजधानीपासून दोन महिन्यांच्या वाटेवर एक गाव होतं. तिथे तीन म्हाताऱ्यांचा शब्द चालायचा. का, तर ते म्हातारे होते. दुसरं काही कारण नव्हतं.

एकदा रोमचा एक जमीनदार तिथे व्हिला बांधायला आला. व्हिला म्हणजे शेतातलं ऐसपैस घर. त्याला गावाचं खळं आवडलं. मळणीचे बैल फिरून फिरून ती जमीन सपाट, टणक झाली होती.

तो म्हाताऱ्यांना म्हणाला, "इथे जेवणाचं दालन करतो. फरशीत रंगीत खड्यांनी तुमचे चेहरे बसवतो."

म्हाताऱ्यांनी लगेच माना डोलावल्या.

"आजोबा, आणि मळणी कुठे करायची?" एका शेतकरी तरुणीने विचारलं.

"नवं खळं करू की. तुला कसली घाई, पोरी?"

नव्या खळ्याची जागा म्हाताऱ्यांनीच आखायची, अशी रीत होती. पोरं जमीन चोपायला तयार बसली होती. पण म्हातारे रोज कारागिरासमोर चेहरा करून बसायचे. एकाला नाक सरळ हवं, दुसऱ्याला डोक्यावर केस हवेत. तिसऱ्याने तर गालाचे खडे तीनदा बदलायला लावले. अशात कापणी झाली आणि पावसाने गाठलं. शेतात चिखल, पेंढ्या भिजत पडलेल्या.

जमीनदार शहरात होता. तरुणी आणि गावातली पोरं भिजल्या पेंढ्या मळायला बैल घेऊन दालनाच्या दारात आली. व्हिलाचा राखणदार म्हणाला, "घाल आत. माझंही पोट याच धान्यावर आहे."

तेवढ्यात तिन्ही म्हातारे धावत आले आणि फरशीवर आडवे झाले. "आमच्या तोंडावर बैल फिरवणार? लाज नाही वाटत?"

"मालक इथे असला की रोज चपला घालून त्याच तोंडांवरून जेवायला जातो, ते चालतं?" तरुणीने विचारलं.

"तो मान राखून चालतो," एक म्हातारा म्हणाला.

बाकीच्या पोरांनी खाली बघितलं. म्हाताऱ्यांना उचलायला एकही पुढे झाला नाही. बैल परत फिरले.

चार दिवसांत पेंढ्यांना कोंब फुटले. पेरायलासुद्धा दाणा उरला नाही. तरुण माणसं दुसऱ्या मुलखात जायला निघाली.

"आम्हालाही गाडीत बसवा," म्हातारे म्हणाले.

"गाडीत नांगर आहेत. जागा नाही," तरुणी म्हणाली आणि तिने बैल हाकले.

तात्पर्य एवढंच: नुसतं वय झालं म्हणून अक्कल येत नाही. आणि हे कळूनही जे खाली बघत उभे राहतात, त्यांनाही उपाशीपोटी गाव सोडावं लागतं.