पाणी माझं!

फार पूर्वी, समुद्राकाठच्या एका राज्यात एक तांडेल राजाची मोठी नौका चालवत असे.

तिथल्या खाडीत एक जागा फार चिंचोळी होती. लोक तिला 'घसा' म्हणत. दोन नावा तिथून शेजारी-शेजारी जाऊच शकत नसत. म्हणून रीत होती. पाण्याच्या ओढीबरोबर येणाऱ्यानं लांबूनच हाळी द्यायची, "पाणी माझं!" ती ऐकली की समोरच्यानं काठाला लागायचं.

एकदा परमुलखात वाढलेला नवा राजा खाडी बघायला निघाला. ओहोटी जोरात होती आणि नौका ओढीच्या उलट चालली होती. घशात शिरताच वळणाआडून आवाज आला, "पाणी माझं!"

राजा ताडकन उठला. "कोण म्हणतं पाणी माझं? हे पाणी माझ्या बापजाद्यांचं! सरळ घे, तांडेला!"

इतक्यात एक लहानशी होडी दिसली. जांभ्या दगडाच्या चिऱ्यांनी काठोकाठ भरलेली. सुकाणूवर एकटीच म्हातारी.

तांडेलानं एकदा काठाकडे, एकदा होडीकडे बघितलं. काठाला घेतलं, तर नौका चिखलात रुतणार, राजा भरतीपर्यंत अडकणार आणि आपलं डोकं काही धडावर राहत नाही. सरळ नेलं, तर म्हातारी चिऱ्यांसकट तळाला.

त्यानं देवाचं नाव घेतलं आणि सुकाणू वळवलं. नौका चिखलात घुसली.

होडी हातभर अंतरावरून बाणासारखी गेली. "भलं होवो रे लेका!" म्हातारी ओरडली. "तुझ्या शेटचंपण!"

वल्हेकरी हसू दाबत खाली बघू लागले. राजा लालबुंद झाला. "माझ्या राज्यात माझ्याहून मोठी ही कोण?"

तांडेलानं हात जोडले. "मोठी नाही, महाराज. 'पाणी माझं' म्हणजे मी पाण्याच्या ताब्यात आहे. तिला थांबता येत नव्हतं. आपल्याला येत होतं."

राजानं वाकून पाण्यात हात घातला. ओढीनं तो असा खसकन खेचला की त्याला दुसऱ्या हातानं कठडा धरावा लागला.

दुपार कलली, भरती आली. कुणी वल्ह्याला हातही लावला नव्हता. शंभर माणसांना हलली नसती अशी ती नौका पाण्यानं अलगद उचलली, निजलेलं मूल उचलावं तशी. राजाचे हात आपोआप जोडले गेले.

तांडेलाकडे वळून तो हळूच म्हणाला, "तू सांगशील तेव्हा निघू."

तात्पर्य: ज्याला थांबता येतं, त्यानं थांबावं. थांबल्यानं कुणाचा मान कमी होत नाही.