एकतीस दोषांचं घर

फार पूर्वीची गोष्ट आहे. तेव्हा राजे पुष्कळ होते आणि शहाणे थोडे. त्यामुळे नेमका काळ सांगणं अवघड आहे.

अशाच एका राजाच्या दप्तरखान्यात एक कारकून होता. आलेल्या अर्जात खोट शोधायची आणि अर्ज परत पाठवायचा, हे काम त्याने चाळीस वर्षं निष्ठेने केलं. तो निवृत्त झाला त्या दिवशी राजाने त्याला शाल दिली आणि दुसऱ्या दिवशी राहती सरकारी खोली रिकामी करण्याचा हुकूम दिला. शाल आधी दिली, हे राजाचं मोठेपण.

कारकुनाला मूलबाळ नव्हतं. घरात तो आणि त्याची बायको, दोघंच. बायकोची नजर अलीकडे अधू झाली होती. दारात माणूस आला एवढं तिला दिसे. कोण आला, ते आवाजावरून कळे. कारकून तिच्याहून दहा वर्षांनी मोठा होता. 'मी आधी जाणार. मग हिचं कसं होणार?' हा एकच घोर त्याला लागलेला असे. तो त्याने कधी बोलून दाखवला नाही. त्याऐवजी तो आमटीतल्या मिठाबद्दल कुरकुर करी.

नवं घर बांधण्याचं वय राहिलं नव्हतं. तेव्हा जुनंच, पण चारी बाजूंनी मोकळं, असं घर विकत घ्यायचं ठरलं.

"जन्मात एकच घर घेणार आहे," कारकून म्हणाला. "पारखूनच घेईन."

"पारखा की," बायको म्हणाली. "पण घर म्हणजे अर्ज नव्हे हं. मागाहून परत पाठवता यायचं नाही."

पहिलं घर नगराच्या उत्तरेला होतं. खांब सागवानी, आणि भिंती अशा सरळ की कारकुनाने लावलेली ओळंब्याची दोरीच वाकडी वाटावी. त्याने वासे ठोकून पाहिले, फरशीवर पाय आपटून पाहिले, विहिरीत खडा टाकून कान दिला. दिवसभरात दोष सापडले अवघे दोन. कारकून थोडा खिन्न झाला.

मग तो शेजाऱ्याकडे गेला. शेजारी फाटकाच्या आतूनच बोलला.

"घर ना? उत्तम आहे. अवश्य घ्या."

"पावसाळ्यात गळतं का?"

"तसं काही कानावर नाही."

"विहिरीला वैशाखात पाणी राहतं?"

"राहत असेल. न राहायला काय झालं?"

"आणि आधीचे मालक?"

"अगदी सज्जन! त्यांचा कुणाला म्हणून त्रास नव्हता. वारले, तेसुद्धा चौथ्या दिवशी कळलं. इतका शांत माणूस."

कारकुनाने वहीत लिहिलं: शेजार उत्तम, शांतता भरपूर. बायकोला हे वाचून दाखवलं आणि चौथ्या दिवसाची गोष्टही सांगितली. ती म्हणाली, "आणखी एक बघू या. बघायला काही पैसे पडत नाहीत."

दुसरं घर नदीच्या अंगाला होतं. एक म्हातारी ते विकून दूरगावी लेकीकडे राहायला निघाली होती. तिने कारकुनाच्या बायकोला ओट्यावर आपल्याजवळ बसवून घेतलं, आणि कारकून ओळंबा घेऊन आत शिरला.

या घराने त्याला निराश केलं नाही. दुपारपर्यंत चौदा दोष सापडले. पश्चिमेची भिंत पोट सुटलेली, दोन वाशांना वाळवी, एक खिडकी उघडेना, दुसरी मिटेना. कारकुनाच्या चेहऱ्यावर जुनं तेज आलं.

एवढ्यात शेजारपाजारची मंडळी न बोलावता अंगणात जमली. पलीकडचा तांब्याची भांडी घडवणारा तांबट आला, मागची फुलं विकणारी माळीण आली, समोरचे पाठशाळेतले गुरुजीही आले.

"काय हो पाहुणे, माजघराच्या कोपऱ्यात गळतं, ते लिहिलंत का?" तांबटाने विचारलं.

"परसदारची तिसरी पायरी उंच आहे. जपून, नाही तर दात पडतील," माळीण म्हणाली. "असले तर."

गुरुजींनी घसा खाकरला. "स्वयंपाकघरातला धूर उलटा माजघरात येतो. वारा दक्षिणेचा असला तर फारच."

कारकून भराभर लिहू लागला. त्यांचं सांगणं संपेना. कुठलं कौल फुटकं, छपराचा कुठला वासा कुजलेला, कुठल्या दाराला पावसात खांदा लावावा लागतो, न्हाणीचं पाणी कुठे तुंबतं, सगळं त्यांना तोंडपाठ होतं.

"सांगा, सांगा, लाजू नका," म्हातारी ओट्यावरून कडाडली. "जन्मभर ताक पाजलं तुम्हाला, त्याचे पांग फेडताय होय रे?"

"मावशी, तुम्ही जाल लेकीकडे," माळीण म्हणाली. "हे पाहुणे शिव्या द्यायला आमच्याच दारात येतील. त्यापेक्षा आजच कळलेलं बरं."

"आणि माझी ठोकाठोकी पहाटेपासून चालते," तांबट म्हणाला. "तीही लिहा. उगाच मागाहून बोल नको."

तो एकतिसावा दोष. कारकुनाने वही मिटली, बायकोजवळ आला आणि कुजबुजला, "चल, ऊठ. एकतीस दोष! त्यातले सतरा शेजाऱ्यांनीच सांगितले. यांना हे घर स्वतःला हवं असणार, म्हणून गिऱ्हाईक पळवताहेत. असल्या माणसांत राहायचं?"

बायको उठली नाही. तिने तांबटाच्या आवाजाकडे तोंड वळवलं.

"दादा, माजघराच्या कोपऱ्यात गळतं, हे तुम्हाला कसं ठाऊक?"

"कसं म्हणजे?" तांबट म्हणाला. "मावशींचे यजमान त्याच कोपऱ्यात आजारी होते. वैद्यांनी सांगितलं, खाट हलवायची नाही. आठ दिवस पावसाची झड. आम्ही आळीपाळीने पातेलं धरून उभे होतो. थेंब नेमका कुठे पडतो, ते मी डोळे मिटून दाखवीन."

"आणि बाई, ती पायरी?"

"मावशींचा पाय मोडला होता ना," माळीण म्हणाली. "दोन महिने पाठुंगळी घेऊन न्हाणीत नेत होते मी. त्या पायरीशी रोज अडखळायचे. आणि वरून यांचा उपदेश, 'हळू गं बये, मी काही फुलांची पाटी नव्हे!'"

"मग? तू तशीच आपटणार होतीस," म्हातारी म्हणाली, पण तिचा आवाज जरा ओला झाला होता.

धुराचं कसं कळलं, हे गुरुजी सांगेनात. ते जमिनीकडे पाहू लागले. शेवटी म्हातारीच म्हणाली, "पुरात यांचं घर पडलं. पोराबाळांसकट सहा महिने इथे होते. चूल हेच फुंकायचे. स्वयंपाक काही फारसा जमला नाही, पण धुराचा अभ्यास चांगला झाला."

सगळे हसले. कारकून हसला नाही. तो हातातल्या वहीकडे पाहत राहिला.

चाळीस वर्षं त्याने दोष मोजले होते. दोष ज्याला ठाऊक आहे, त्याला तो कसा ठाऊक झाला, हे विचारायचं मात्र कधी सुचलं नव्हतं. उत्तरेकडच्या घरात शेजाऱ्यांना एकही दोष दिसला नव्हता, कारण त्या घराचा उंबरठा त्यांनी कधी ओलांडलाच नव्हता. इथे माणसं आत आली होती, तीही वाईट दिवसांत.

म्हातारीने किंमत सांगितली. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच कारकुनाने एखादी गोष्ट शेरा न मारता मंजूर केली.

घर घेतलं म्हणून माणूस लगेच शहाणा होत नाही. महिन्याभरातच कारकून कुणालाही न सांगता गळती बुजवायला शिडी लावून छपरावर चढला आणि चढला त्याहून लवकर खाली आला. तांबटाने आणि गुरुजींनी त्याला उचलून खाटेवर ठेवलं.

"तिथला वासा कुजलाय, हे सांगितलं होतं," तांबट म्हणाला.

"लिहूनही घेतलं होतं यांनी," गुरुजी म्हणाले.

सहा आठवडे कारकून खाटेवरून हलला नाही. एका संध्याकाळी त्याने बायकोला हाक मारली. ओ आली नाही. दुसरी मारली, तिसरी मारली. दिसत नाही तिला. कुठे पडली की काय? उठता येईना, म्हणून तो नुसताच ओरडू लागला.

"अहो काका, केवढ्याने!" कुंपणापलीकडून तांबटाचा आवाज आला. "काकू गुरुजींकडे पोथी ऐकताहेत. माळीणबाई घेऊन गेल्यात, त्याच आणून सोडतील. तुम्ही पडून राहा."

थोड्या वेळाने अंगणात हसण्याचा आवाज आला. माळणीच्या खांद्यावर हात ठेवून बायको आत आली.

"शोधत होतात?" ती म्हणाली. "अगंबाई! मला तुमची आठवणच झाली नाही."

कारकुनाने भिंतीकडे तोंड केलं आणि गुपचूप डोळे पुसले. आपल्यावाचून कुणाचं अडत नाही, हे कळून आनंदाने रडलेला त्या राज्यातला तो पहिलाच सरकारी माणूस असावा. मग, कुणी पाहत नाही अशी खात्री करून, त्याने तांबटाच्या घराकडे, माळणीच्या घराकडे आणि गुरुजींच्या घराकडे एकेकदा हात जोडले.

तर लहानथोर मंडळींनो, एवढं लक्षात असू द्या: ज्या घराच्या उणिवा शेजाऱ्यांना ठाऊक असतात, त्या घरात माणूस एकटा पडत नाही.